सूक्ष्म खनिजें व प्रोस्टेटचा कर्करोग

मूत्राशयाच्या खालीं पुरुषांस प्रोस्टेट नांवाची एक लहान ग्रंथि असते. तिचा कर्करोग बहुधा उतारवयांत होतो. तो टळावा म्हणून सेलेनियमादि खनिजांच्या गोळ्या आपण होऊन घेणारे पुष्कळ आढळतात. या गोळ्यांविषयीं शास्त्रीय प्रयोगांत काय दिसून आलें, तें शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

सेलेनियम हें द्रव्य मूळचें जमिनींतील. पीक तें मुळांवाटे घेतें व अन्नाबरोबर तें आपल्या शरीरांत येतें. त्याची रोजची गरज अवघी ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका ग्रॅमचे अठरा हजार भाग केले असतां त्यांतील एका भागाएवढी आहे. फिनलंड देशाच्या जमिनींत तें कमी. सबब १९८४ पासून तेथें तें रासायनिक खतांत मिसळूं लागले. उलटपक्षीं पंजाबांत होशियारपूर व नवांशहर या भागांतील कांहीं गांवीं तें जमिनींत इतकें आहे कीं, तेथील चारा खाऊन जनावरांचे केंस झडतात व खूर तडकतात. द्रव्य एकच, परंतु एके ठिकाणीं तें खत, तर दुसरीकडे विष.

मनुष्यासही हाच न्याय लागू पडतो. अमेरिकेंत त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या १३१२ रुग्णांवर क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रयोग केला. निम्म्यांस रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिलें व बाकीच्यांस नुसती दिखाऊ गोळी. १९९६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा कीं, त्वचेच्या कर्करोगास आळा बसला नाहीं, प्रोस्टेटचा मात्र कमी झाला. पुढें बारकाईनें पाहतां हा लाभ मुख्यतः ज्यांच्या रक्तांत आरंभीं सेलेनियम कमी होतें त्यांसच झाल्याचें आढळलें.

या आशेनें २००१ सालीं ३५,५३३ पुरुषांवर मोठा प्रयोग सुरू झाला. सेलेनियमापासून कांहींच लाभ दिसेना, म्हणून २००८ सालीं गोळ्या बंद करण्यांत आल्या. त्याच प्रयोगांत नुसतें ई-जीवनसत्त्व घेणाऱ्यांस हा कर्करोग शेंकडा १७ नें अधिक झाल्याचें २०११ सालीं सिद्ध झालें. २०१४ सालीं पायांच्या नखांची तपासणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या शरीरांत सेलेनियम आधींच भरपूर होतें, त्यांनीं वर गोळी घेतली असतां उग्र जातीच्या कर्करोगाचा धोका जवळजवळ दुप्पट झाला होता.

याखेरीज आईबापांकडून येणाऱ्या जनुकांचाही यांत भाग आहे. पेशींस अपायकारक द्रव्यें निकामी करणारें मँगनीजयुक्त एक विकर शरीरांत असतें. त्याच्या जनुकाच्या दोन तऱ्हा आहेत. प्रत्येकास एक प्रत आईकडून व एक बापाकडून मिळते. अमेरिकेंतील डॉक्टरांच्या रक्ताचा अभ्यास २००५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ज्यांच्या दोन्ही प्रती एका विशिष्ट तऱ्हेच्या होत्या, त्यांच्यांत रक्तांतील सेलेनियम अधिक असतां धोका बराच कमी दिसला. इतरांत हा संबंध पुसट होता. म्हणजे शेजारी शेजारी बसून एकच अन्न खाणाऱ्या दोघांस एकच खनिज सारखें मानवेल असें नाहीं.

जमाबंदींत प्रत पाहिल्यावांचून जमिनीस आकार लावीत नाहींत. जाणता शेतकरी माती तपासल्यावांचून खत विकत घेत नाहीं. मग स्वतःच्या देहाविषयींच आंधळेपणा कां करावा? वैद्यकीय तपासणीवांचून खनिजाची गोळी घेऊं नये. लघवीस वारंवार जावें लागणें हें पुष्कळदां ग्रंथीच्या साध्या वाढीमुळेंही होतें. तथापि तें अंगावर काढूं नये. लघवींतून रक्त गेल्यास डॉक्टरांकडे तांतडीनें जावें. हा रोग आरंभीं बहुधा कोणतेंच लक्षण दाखवीत नाहीं. यास्तव ज्यांच्या बापास किंवा भावास तो झाला असेल, त्यांनीं रक्ततपासणीविषयीं डॉक्टरांस वेळींच विचारावें. गोळीवर पैसा घालण्यापूर्वीं हें केलें असतां हित आहे.