लिहित्या मंडळीसाठी

मुलांनो, तुम्ही लिहिणाऱ्यांचा गट काढलात, दर पंधरवड्याला फोनच्या पडद्यावर जमता, वसईची कॅथलिक मुलं आणि नगर-जालन्याची प्रोटेस्टंट मुलं एकमेकांचं वाचता, हे ऐकून मला फार आनंद झाला. तुमच्यातली एक जण म्हणाली, ‘मावशी, तुम्ही इतकी वर्षं लिहिताय, आम्हाला चार गोष्टी लिहून द्या.’ म्हणून ही पानं.

आधी गट कशासाठी आहे ते पक्कं करा. आपल्या मंडळीत धीर देणारी माणसं पुष्कळ आहेत. आजारपणात धावून येतील, नोकरीसाठी प्रार्थना करतील, तुमचा लेख छापून आला की उपासनेनंतर हात हातात घेऊन कौतुक करतील. पण लेख छापायला जाण्याआधी वाचून ‘तिसऱ्या परिच्छेदात माझं लक्ष उडालं’ असं सांगणारं माणूस मंडळीत मिळत नाही. ते तुम्ही एकमेकांना मिळवून द्यायचं आहे. बाकीचं मंडळी करतेच.

प्रार्थनेने सुरुवात करा, ती हवीच. पण ती लहान ठेवा आणि मग कामाला लागा. एक नियम मात्र कडक पाळा. ‘हे देवानेच माझ्याकडून लिहून घेतलं’ असं सांगून कुणी लिखाण पुढे ठेवू नये. प्रेरणा देवाची असेल, मी नाही म्हणत नाही. पण वाक्यं आपली असतात आणि ती दुरुस्त करता येतात. देवाचं नाव पुढे केलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. कच्चं लिखाण मग कच्चंच राहतं.

वाचायची पद्धत सांगते. एका बैठकीला एकच लिखाण घ्या, फार तर दोन कविता. दोन दिवस आधी सगळ्यांना पाठवा. बैठकीत ते लेखकाने वाचू नये, दुसऱ्याने मोठ्याने वाचावं. लेखक स्वतः वाचतो तेव्हा आवाजाने भोकं बुजवतो. दुसरा वाचतो तेव्हा तो जिथे अडखळतो तिथेच वाक्याचं दुखणं असतं. वाचन संपून बोलणं पुरं होईपर्यंत लेखकाने गप्प बसायचं, खुलासे द्यायचे नाहीत. छापल्यावर तुम्ही वाचकाच्या घरी खुलासा द्यायला थोडेच जाणार आहात? आणि गट सात-आठ जणांच्या वर जाऊ देऊ नका. जास्त झाले तर दोन गट करा.

आता बोलायचं कसं? ‘छान आहे’, ‘मनाला भिडलं’ हे शब्द बैठकीपुरते बाजूला ठेवा. कुठे दिसलं आणि कुठे दिसेनासं झालं, एवढंच सांगा. एक उदाहरण देते. आपल्याकडे साक्ष लिहिताना हमखास येणारं वाक्य आहे: ‘प्रभूने आमच्या कुटुंबात अद्भुत कार्य केले.’ वाक्यात खोटं काही नाही, पण वाचकाला दिसत काहीच नाही. अशा वेळी लिहिणाऱ्या मुलीला विचारायचं, काय झालं गं नेमकं? ती सांगते, वडिलांची दारू सुटली. मग? मग पगार घरी यायला लागला. मग? त्या नाताळात आईने लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःसाठी साडी घेतली, आणि दुकानात रंग निवडायची वेळ आली तेव्हा तिला सुचेना. झालं! ही आई आणि तो साडीचा ढीग कागदावर आणा. प्रभूचं कार्य वाचक आपण होऊन ओळखेल, मग तो कुठल्याही धर्माचा असो. गटाने विचारायचा प्रश्न हा एकच आहे, ‘काय झालं नेमकं?’ आणि तो न कंटाळता विचारायचा.

आपल्या भाषेत छापील वाक्यं फार साठली आहेत. पिढ्यान् पिढ्या प्रवचनं, भाषांतरित पुस्तिका आणि गीतं ऐकून ती जिभेवर बसली. पण आपली परंपरा तेवढीच नाही, हे विसरू नका. इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले, मराठी शिकले आणि ओवी छंदात ख्रिस्तपुराण लिहिलं. १६१६ साली रायतूरला ते रोमन लिपीत छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! परक्या मुलखातला माणूस इथल्या लोकांच्या कानाला कुठली चाल रुचते ते हेरून लिहितो, आणि आपण इथे जन्मून पुस्तिकेची भाषा का लिहावी? पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं, ते कमी शिकलेल्या बाईलाही कळावं या हट्टाने. छपाईच्या कामालाही तिथल्याच बाया होत्या. तुमच्या गटात कुणी जड लिहिलं की त्या बायांपैकी एकीला हे कळलं असतं का, असं विचारून बघा.

पंथांच्या शब्दांवरून वाद घालू नका. वसईची मुलगी ‘मिस्सा’ आणि ‘फादर’ लिहील, नगरचा मुलगा ‘उपासना’ आणि ‘पाळक’ लिहील. दोन्ही राहू द्या. बोलीही राहू द्या. वाडवळी आजी पुण्याची प्रमाण मराठी बोलायला लागली की कथा मेलीच म्हणून समजा.

लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे तुम्ही वाचली असतील. नसतील तर आधी ती वाचा, माझं नंतर. त्यांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. आठवणी लिहायला लावल्या त्या मुलाने, देवदत्ताने, मागे लागून लागून; आणि त्या गेल्या तेव्हा राहिलेला शेवटचा भाग त्यानेच पुरा केला. लक्ष्मीबाईंचे यजमान रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तायन हे काव्य अर्धवट होतं, ते बाईंनी पूर्ण केलं. त्या घरात एकाचं काम दुसऱ्याने उचललं म्हणून ही पुस्तकं आज आपल्या हातात आहेत. आणि त्याच घरात, इथे नगरला, त्र्यंबक ठोमरे नावाचा पोरगा राहत होता. तो बालकवी. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्याला ते नाव मिळालं. तो ख्रिस्ती नव्हता, त्याला कुणी ख्रिस्ती व्हायला लावलं नाही, आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं सांभाळलं. तेव्हा तुमच्या गटात एखादा हिंदू किंवा मुसलमान मित्र यायचं म्हणाला तर दार उघडा. आपल्या लिखाणात कुठलं वाक्य फक्त आपल्यालाच कळतं, ते तोच दाखवील.

आता नाजूक गोष्ट. तुमच्या गटात प्रार्थनेच्या विनंत्या येणार. कुणाच्या बहिणीचं लग्न मोडलं, कुणाचा भाऊ व्यसनात आहे. प्रार्थनेसाठी सांगितलेलं लेखात येता कामा नये. नाव बदलूनही नाही. आपला समाज लहान आहे, गाव आणि मंडळी सांगितली की माणूस ओळखू येतो. स्वतःच्या घराबद्दल लिहितानाही ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवा. विशेषतः धर्मांतराच्या आठवणी लिहाल तेव्हा. आजोबांनी ख्रिस्त पत्करला, पण त्यांचे भाऊ जुन्या धर्मातच राहिले. त्यांची नातवंडं आजही त्याच गावात आहेत, तुमच्या लग्नाला येतात. त्या माणसांना वाईट ठरवून आपली साक्ष मोठी होत नाही.

व्यवहाराचं थोडक्यात सांगते. वचन उद्धृत करताना आठवणीवर जाऊ नका, छापील प्रत उघडून अध्याय आणि ओवी ताडून घ्या आणि भाषांतर कुठलं ते लिहा. मोठा उतारा घ्यायचा असेल तर प्रकाशकाची परवानगी मागा, बायबलच्या भाषांतरांनाही हक्क असतात. लेख युनिकोडमध्ये पाठवा, पानांचे फोटो नकोत. नाताळ अंकाचं लिखाण सप्टेंबरात तयार हवं, उपवासकाळाचं नाताळाआधी, दिवाळी अंकाचं जून संपता संपता. मानधन मिळणार की नाही ते आधीच विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि पाठवायचं कुठे? आपली मासिकं आहेतच. ज्ञानोदय १८४२ साली या नगरात सुरू झाला, सुवार्ता १९५५ पासून वसईची. पण तेवढ्यावर थांबू नका. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी सुवार्तेचं संपादन करता करता पाणी, जमीन, झाडं यांच्यावर लिहिलं, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मराठी वाचकाने त्यांना आपला लेखक मानलं. तुम्हीही दर वर्षी एक तरी लिखाण अशा अंकाकडे पाठवा, जिथे संपादकाला तुमची मंडळी कुठली हे ठाऊक नाही.

साभार परत येईल. येऊ दे. ते गटात सांगा आणि त्याच बैठकीत ते लिखाण पुन्हा वाचायला घ्या. लिहिणारा माणूस नकाराने थांबत नाही, कुणी विचारेनासं झालं की थांबतो. तुमच्यातला कोण गेल्या तीन-चार बैठकांना आला नाही, ते आठवा. त्याला या आठवड्यात फोन करा. ‘बरा आहेस ना’ हे विचाराच, पण तेवढ्यावर फोन ठेवू नका. अर्धवट ठेवलेलं त्याचं पान मागा, आणि पुढच्या बैठकीत तेच आधी वाचा.