लेकराची पोटगी मागायला किती पैसे लागतात?

कोर्टाची फी म्हणाल तर काही नाही. महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. तरीही ‘आधी पाच-दहा हजार हातात पाहिजेत’ या धास्तीने परभणी जिल्ह्यातल्या कितीतरी बाया लेकरं घेऊन माहेरी बसून राहतात. खरा तोटा या बसून राहण्यात आहे.

तो कसा, ते आधी पाहू. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, निकालाच्या नव्हे. समजा, लेकराला महिना ४ हजार मंजूर झाले आणि निकालाला दीड वर्ष लागलं, तर ७२ हजारांची बाकी निघते. पण अर्जच सहा महिने उशिरा केला असेल, तर त्या सहा महिन्यांचे २४ हजार गेले. वकिलाची फी वाचवायला म्हणून थांबलेल्या बाईचं नुकसान अनेकदा त्या फीपेक्षा मोठं असतं.

आणि वकिलाची फी तरी द्यावी का लागते? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. त्यासाठी परभणीत जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठायचं किंवा तालुक्याच्या कोर्टातली विधी सेवा समिती. असा नेमून दिलेला वकील पक्षकाराकडून पैसे मागू शकत नाही. मागितले तर तिथेच लेखी तक्रार करावी. खाजगी वकील केला, तर फी एकरकमी की तारखेगणिक आणि त्यात अंतरिम अर्ज व वसुली धरली आहे का, हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या. वसुलीला वेगळे पैसे लागतील, हे बहुतेकांना निकालानंतर कळतं.

अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली करायचा. १ जुलै २०२४ आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं. बाई सध्या राहते तिथल्या कोर्टात तो करता येतो, त्यामुळे जिंतूरच्या लेकीने पुण्यातल्या नवऱ्यामागे पुण्याला खेपा घालायचं कारण नाही. आपलं गाव कोणत्या कोर्टाच्या हद्दीत येतं, प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालेल की कौटुंबिक न्यायालयात, एवढं मात्र आधी विचारून घ्या. तारखेला जायला एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून.

किरकोळ खर्च टायपिंग, झेरॉक्स आणि नोटरीचा. इथे एक फसवणूक नेहमीची आहे: प्रतिज्ञापत्रासाठी स्टॅम्प पेपर घ्यायला लावणं. कोर्टात आणि शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क शासनाने जुलै २००४ पासून माफ केलेलं आहे. साधा कागद चालतो.

उत्पन्नाच्या पुराव्यासाठी मात्र हात आखडू नका. न्यायदंडाधिकारी आकडा ठरवतात तो दोन्ही बाजूंच्या प्रतिज्ञापत्रांवरून. नोकरदाराचं पगारपत्रक मिळतं, पण आपल्याकडे नवरा बहुधा शेतकरी किंवा मजूर, आणि कोर्टात त्याचं ठरलेलं उत्तर, ‘पिकलंच नाही, साहेब.’ याचा विचार करून ‘रजनेश’ निकालात शेतीवाल्यांसाठी वेगळा नमुना दिला आहे. जमीन किती, कोरडवाहू की बागायती, पीक कोणतं, तीन वर्षांचं उत्पन्न, गाई-म्हशी-शेळ्या किती, हे सगळं त्यात शपथेवर लिहावं लागतं. खोटं लिहिलं तर अंगाशी येतं. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो. नवऱ्याचा तर काढाच, सासऱ्याच्या नावच्या जमिनीत त्याचा हिस्सा असेल तर तोही काढा. पाथरी-मानवतकडे कालव्याखालची जमीन असेल तर ‘पिकलंच नाही’ला उत्तर त्या कागदातच सापडतं. नवरा ऊसतोडीला जात असेल, तर मुकादमाचं नाव, कारखाना आणि घेतलेली उचल लिहून द्या. समन्स बजावायलाही तेच उपयोगी पडतं. ‘मला कामच नाही’ हे धडधाकट माणसाचं कारण सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ‘अंजू गर्ग’ खटल्यात मानलेलं नाही. मजुरी करून पोसावं लागतं. लेकराच्या बाजूने जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड, फी आणि दवाखान्याच्या पावत्या लागतील.

मूळ अर्जासोबतच अंतरिम पोटगीचा अर्ज द्या आणि त्यात कोर्टाचा खर्चही मागा. कायद्याने तो नवऱ्याकडून मिळू शकतो, पण मागितल्याशिवाय कोण देणार? नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम अर्ज निकाली काढावा, असं संहितेत आहे. तारखांचा भार पाहता हा ‘शक्यतो’ लांबतो, हे धरून चाला. नागपूरहून वर गेलेल्या त्या ‘रजनेश’ खटल्यातच २०१३ पासूनची पोटगी २०२० पर्यंत लढवली गेली. मुलाची रक्कम मात्र ५ हजारांवरून सप्टेंबर २०१५ पासून १० हजार झाली होती. लेकरू मोठं होतं, शाळा बदलते, तशी रक्कम वाढवून मागता येते.

आदेशाची प्रत ज्याच्या बाजूने आदेश झाला त्याला फुकट मिळते, तिचे पैसे देऊ नका. पैसे बँक खात्यातच घ्या. हातावर दिलेल्या नोटांवरून पुढे भांडणं होतात. मुलाला १८ पूर्ण होईपर्यंत ही पोटगी असते, अपंगत्वामुळे स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या अपत्याला त्यानंतरही. सज्ञान अविवाहित हिंदू मुलीला १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याखाली वेगळा मार्ग आहे. आईबापांचं लग्न झालेलं नसलं तरी लेकराचा हक्क जात नाही.

नवऱ्याने पैसे थकवले तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा. त्यावर जप्तीचं वॉरंट निघतं, तरीही भरले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केलं आहे. ‘आज देतो, सुगीला देतो’ यावर वर्ष उलटलं की या कलमाखाली ती जुनी बाकी वसूल करणं अवघड होतं, तेव्हा दर दहा महिन्यांनी पासबुक घेऊन वकिलाकडे जा. वकील नसेल तर विधी सेवेचा मोफत क्रमांक १५१०० आहे.