कुत्र्याच्या पायाची जखम : एक परिसरपाठ

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरू लागतात, त्या सुमारास माळावरील गवत वाळलेले असते व त्याची कुसळे सुटू लागतात. ह्याच दिवसांत गुराख्यांच्या व मेंढपाळांच्या मागे हिंडणारी कुत्री लंगडताना दिसतात. घरातील वडील माणसे सुगीत गुंतलेली असल्यामुळे लंगडणाऱ्या कुत्र्याकडे प्रथम लक्ष जाते ते मुलांचे, आणि मग मूल आपल्या बुद्धीप्रमाणे उपचार करू लागते. म्हणून हा पाठ सुचविला आहे. इयत्ता चौथीच्या परिसर अभ्यासात तो सहज बसतो. दोन तासिका पुरतात.

आरंभ कुसळापासून करावा. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळाची म्हण मुलांना पाठ असते. पण खरे कुसळ निरखून पाहिलेली मुले थोडीच आढळतात. शिक्षकांनी कुसळी गवताची दहा-वीस कुसळे कागदात गुंडाळून आणावीत व शक्य तर बहिर्गोल भिंग द्यावे. कुसळाचे टोक सुईसारखे असून त्यावर मागे वळलेले ताठ केस असतात. बोट एका दिशेने फिरविले तर ते गुळगुळीत लागते, उलट फिरविले तर खरखरते. त्याच्या शेपटीवर पाण्याचा थेंब सोडला की शेपटीचा पीळ उलगडू लागतो व कुसळ आपोआप फिरते. वाळले की पुन्हा पीळ बसतो. हा प्रयोग मुलांना फार आवडतो. बी जमिनीत रुतावे म्हणून असलेली ही योजना कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात घातक ठरते. तेथे शिरलेले कुसळ पुढे सरकते, मागे येत नाही. वरचे भोक बुजल्यासारखे दिसते आणि आत पू होत राहतो.

नंतर फळ्यावर पंजाची आकृती काढावी. कुत्रा टाच टेकून चालत नाही, बोटांवर चालतो. चार बोटांना चार गाद्या व त्यांच्या मागे एक मोठी गादी असते. पुढच्या पायाला मनगटाजवळ आणखी एक लहान गादी असते. गादीची कातडी जाड व तिच्याखाली चरबीचा थर असतो. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यत्वे ह्या पंजांनाच. प्रत्येक पावलागणिक अंगाचा भार गादीवर पडत असल्यामुळे तेथील चीर वारंवार उकलते व भरून येण्यास वेळ लागतो.

आता उपचार. एक गोष्ट प्रथम स्पष्ट सांगावी : दुखावलेला कुत्रा धन्यालाही चावतो, तेव्हा जखमेला हात लावणे हे मोठ्या माणसाचे काम होय. मुलांनी पाहावे, सांगावे, पाणी आणून द्यावे. वर्गातील प्रात्यक्षिक चिंध्या भरलेल्या मोज्यावर करावे; जिवंत कुत्रा वर्गात आणू नये. उपचारापूर्वी मऊ कापडाच्या पट्टीने कुत्र्याचे तोंड बांधावे. पट्टी नाकाडावरून घेऊन हनुवटीखाली फिरवावी व कानांमागे गाठ द्यावी. कुत्र्याला उलटी होत असेल, धाप लागली असेल किंवा त्याचे नाकाड आखूड असेल, तर मात्र तोंड बांधू नये.

रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दहा मिनिटे सतत दाबून धरावी. मध्येच उचलून पाहण्याचा मोह टाळावा. त्यानंतर उकळून कोमट केलेल्या अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवून त्या पाण्याने जखम धुवावी. बाहेर दिसणारा काटा चिमट्याने, शिरला त्याच दिशेने सरळ ओढावा. खोल रुतलेली काच अथवा लोखंड काढू नये. ते काढताच रक्त उसळण्याचा संभव असतो. चुना, रॉकेल, जळके तेल ह्यांपैकी काहीही जखमेवर घालू नये. माणसाच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत. त्या कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

पट्टीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ह्या बाबतीत माझ्याच हातून चूक झाली आहे. मी नवा शिक्षक असताना शाळेपाशी राहणाऱ्या एका कुत्रीचा पंजा पत्र्याने कापला. प्रथमोपचाराचे शिक्षण झालेले, त्यामुळे मी मोठ्या विश्वासाने पंजाच्या मध्यभागी घट्ट पट्टी बांधली व शनिवारी गावी गेलो. सोमवारी येऊन पाहतो तो पट्टीखालील बोटे फुगून काळी पडलेली. पशुवैद्यांना दोन बोटे काढावी लागली. तेव्हा बोटांच्या बेचक्यांत थोडा कापूस ठेवून, जखमेवर स्वच्छ जाळीचे कापड घालून, पट्टी बोटांपासून वर सांध्याच्या पलीकडे न्यावी. मधल्या दोन बोटांची नखे उघडी दिसली पाहिजेत. ती एकमेकांपासून दूर सरकली तर सूज आली असे समजावे. पट्टीखाली एक बोट सरकले पाहिजे. पट्टी रोज बदलावी, भिजली तर तत्काळ. बाहेर नेताना तीवर प्लॅस्टिकची पिशवी घालावी व घरी येताच काढावी.

रक्त थांबत नसेल, गादीचा तुकडा लोंबत असेल, पाय टेकवत नसेल, जखमेला वास येत असेल किंवा तीत अळ्या दिसत असतील, तर घरी वेळ दवडू नये. पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी १९६२ ह्या क्रमांकावर करता येते. बेचक्यात सूज व पाझरणारे बारीक भोक असेल, तर कुसळ आत आहे असे धरून चालावे. ते घरी कोरून काढू नये.

पाठाच्या अखेरीस एक प्रश्न अवश्य विचारावा, व तो रागाचा लवलेशही न ठेवता : कुत्र्याला हात लावताना कुणाला दात लागला आहे काय? एका द्विशिक्षकी शाळेत हा पाठ चालू असताना मी तो विचारला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग चौथीतील एक मुलगा उठला. आपल्या कुत्र्याच्या पायातील काटा पाहताना चार दिवसांपूर्वी त्याला चावा बसला होता व रक्तही आले होते. आई कुत्र्याला हाकलून देईल ह्या भीतीने तो गप्प राहिला होता. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणून चाव्याची जागा तत्काळ साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. उशीर झाला असला, तरीही जावेच. त्या मुलाला आम्ही लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. रक्त आलेले असल्यामुळे लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही दिले गेले, व पुढील मात्रा तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी झाल्या. आईची समजूत मुख्याध्यापिकाबाईंनी घातली. कुत्रा बांधून दहा दिवस पाहण्यात आला; तो धडधाकट राहिला.

त्याचा पाय पशुवैद्यांनी उघडला, तेव्हा आत काटा नव्हता, कुसळ होते. मुलाने ते काडेपेटीत जपून ठेवले. पुढच्या भेटीत मी गेलो, तेव्हा ती पेटी वर्गाच्या वस्तुसंग्रहात होती, आणि तीवर त्याने आपल्या कुत्र्याचे नाव लिहिले होते.