ऑपरेशनआधी विचारून घ्या

स्तनांचा आकार कमी करण्याचं ऑपरेशन मी केलं, हे आमच्या आसगावात लपून राहिलं नाही. आता बाया आडोशाला घेऊन विचारतात, खरंच बरं वाटते का? वाटतं. मानेचा ठणका गेला. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर पडलेल्या खाचा भरत आल्या. उन्हाळ्यात छातीखाली घाम साचून कातडी सोलायची, ते थांबलं. रोवणीत बांधीत वाकले तरी पाठ धरत नाही. पण मधल्या काळात जीव फार घाबरा झाला होता. तुमचा होऊ नये म्हणून लिहिते आहे.

वर्षानुवर्षं मला एकच सल्ला मिळाला, वजन उतरवा. वजन उतरलं, छातीचा भार होता तिथेच. स्तनात चरबीसोबत दुधाच्या ग्रंथीही असतात. त्यांचा वाटा मोठा असला तर उपासतापास करून फरक पडत नाही. तेव्हा हे नटण्यामुरडण्याचं ऑपरेशन आहे, असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये आणि एम्समध्ये प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, तिथे सरळ दुखणं सांगा. विमा असेल तर कंपनीला आधीच लेखी विचारा, कारण केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च विम्यात मिळत नाही.

टाके बहुधा स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली आणि खालच्या घडीत आडवे येतात. उभी-आडवी रेघ मिळते तिथे ताण सगळ्यात जास्त. माझी जखम नेमकी तिथेच उघडली. सगळं बिघडलं असं समजून मी रडत बसले. खरं तर ही या ऑपरेशनातली नेहमीची अडचण. बहुतेक वेळा मलमपट्टीनंच जखम भरते, माझीही भरली. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. मात्र ताप आला, पू आला, लाली पसरली किंवा स्तनाग्र काळं पडू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. आपल्याकडे बायाही खातात आणि डॉक्टरपासून लपवतात. बायांनो, लपवू नका. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, जखम भरत नाही, स्तनाग्राची कातडी मरूही शकते. निदान महिनाभर आधी खर्रा सोडा आणि जखम पूर्ण भरेपर्यंत तोंडात घेऊ नका. पूर्व विदर्भात सिकलसेल पुष्कळ, म्हणून भूल घेण्याआधी त्याची तपासणी करा, रक्तातली साखरही बघा. चाळिशी उलटली असेल तर मॅमोग्राफीचं विचारा. काढलेला भाग पॅथॉलॉजीच्या तपासणीला जाईल ना, याची खात्री करा.

व्रण फिकट होतात, जात नाहीत. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढच्या बाळाला दूध कमी पडू शकतं. मूल व्हायचं असेल त्यांनी हे नवऱ्यासमोरच विचारून घ्यावं. 2009 मध्ये आलेल्या ‘ब्रेस्ट-क्यू’ या प्रश्नावलीत दुखणं, मन, शरीरसंबंध आणि समाधान यांविषयी खुद्द बाईलाच विचारतात. ती वापरून केलेल्या अभ्यासांत या ऑपरेशननंतर बहुतेक बाया समाधानी दिसतात.

साधारण सहा आठवडे पाण्याचा गुंड, सिलिंडर, धानाचं पोतं काहीच उचलायचं नाही. म्हणून रोवणी आणि कापणी टाळून तारीख घ्या, आणि घरचं काम कोण करणार हे भरती होण्याआधी ठरवा.