आफ्रिकन ग्रे घरात आणण्याआधी

आफ्रिकन ग्रे पोपट ज्या बुद्धीसाठी लोक घरात आणतात, त्याच बुद्धीपायी तो घरात खंगतो. मला या पक्ष्याबद्दल जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, पण ते पटवून द्यायला थोडा वेळ लागतो. कारण समोरच्याच्या डोळ्यांपुढे बहुतेकदा अ‍ॅलेक्स असतो. आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेने १९७७ साली शिकागोतल्या एका दुकानातून हा पक्षी घेतला. २००७ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी तो गेला, तोवर पन्नासेक वस्तूंची नावं, सात रंग, पाच आकार आणि सहापर्यंतची संख्या एवढं त्याला सांगता येत होतं. हे वाचून माणूस ठरवतो की आपणही असा बोलका पोपट आणू. अ‍ॅलेक्स शिकला कसा, हा भाग मात्र मागे राहतो. दोन माणसांनी त्याच्यासमोर बसायचं, एकमेकांना वस्तू दाखवून तिचं नाव विचारायचं, बरोबर उत्तर आलं की तीच वस्तू हातात द्यायची आणि ते बघून पोपटाला मध्ये तोंड घालावंसं वाटलं पाहिजे, अशी ती पद्धत होती. ती वर्षानुवर्षं, रोज चालली. पेपरबर्ग आणि त्यांचे विद्यार्थी मिळून त्याला जी सोबत देत, तेवढी देणारं घर आमच्या लखनऊच्या अलीगंजमध्ये किती जणांकडे आहे? नवरा-बायको दोघं नऊला कामावर, मुलं शाळेत, तिथून शिकवणीला, आणि पक्षी संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात एकटा, हे इथल्या घरांचं सर्रास दिसणारं वेळापत्रक आहे.

एकटेपणा त्याला किती महागात पडतो हे मोजलंही गेलं आहे. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१४ साली पाळीव ग्रे पोपटांच्या रक्तातल्या पेशी तपासल्या. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाचे तुकडे असतात. वय आणि ताण वाढेल तसे ते आखूड होत जातात. एकटं ठेवलेल्या नऊ वर्षांच्या पक्ष्यांचे टेलोमिअर जोडीने राहणाऱ्या, त्यांच्याहून २३ वर्षांनी मोठ्या पक्ष्यांइतके आखूड निघाले. यावरून एकटा पक्षी नेमकी किती वर्षं आधी मरेल हे सांगता येत नाही, पण त्याच्या शरीरावर ओझं पडतं याबद्दल शंका राहत नाही. नुसत्या डोळ्यांना दिसणारा पुरावा तर त्याहून जवळचा आहे. कंटाळलेला ग्रे स्वतःची पिसं उपटतो. आधी छातीवरची करडी पिसं विरळ होतात, मग मांड्या उघड्या पडतात, पंखांखालची गुलाबी कातडी दिसू लागते. डोकं मात्र शेवटपर्यंत नीटनेटकं पिसांनी भरलेलं राहतं, कारण तिथवर स्वतःची चोच पोचत नाही. डोक्यावरचीही पिसं जात असतील तर चोच-पिसांचा विषाणूजन्य रोग, त्वचेचा संसर्ग किंवा दुसऱ्या पक्ष्याची चोच यांचा संशय घ्यावा. कुठलंही पीस गळू लागलं तरी आधी पशुवैद्य, मग घरगुती निष्कर्ष.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘अहो, पण आमचा तर दिवसभर बोलतो, आनंदात आहे.’ रानात हा पक्षी थव्याने राहतो आणि नजरेआड गेलेल्या सोबत्याला हाक मारून जवळ ठेवतो. घरात थवा म्हणजे आपण. कुठल्या आवाजाला आपण धावत येतो हे तो हेरतो आणि नेमका तोच आवाज उचलतो, म्हणून दारावरची बेल, मोबाइलची रिंग, कुकरची शिट्टी हे त्याचे पहिले धडे असतात. इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या एका प्राणिसंग्रहालयात २०२० साली वेगवेगळ्या घरांतून आलेले पाच ग्रे एकत्र ठेवले, तर ते एकमेकांना शिव्या देऊ लागले. लोक हसले की आणखी देत. शेवटी त्यांना प्रेक्षकांच्या नजरेआड हलवावं लागलं. तेव्हा बडबड हे समाधानाचं लक्षण धरू नये. पुष्कळदा ती हाकच असते, आणि तिला कोणी ओ दिली नाही तर तिची किंचाळी होते. ही किंचाळी भिंतीपलीकडे जाते. पुण्यात शिवाजीनगरच्या एका ज्येष्ठ नागरिकाने शेजाऱ्याच्या पोपटाच्या ओरडण्याविरुद्ध २०२२ साली पोलिसांत तक्रार दिली होती. अलीगंजच्या सेक्टरांत घराला घर लागून आहे. एका मजल्यावरचा पोपट तीन कुटुंबांची दुपार घालवू शकतो.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: हा पक्षी पिंजऱ्यातच जन्मला, त्याला रान काय ठाऊक? कुत्रा माणसाच्या सोबतीने हजारो वर्षांत बदलला. ग्रे पोपट पिंजऱ्यात फार तर काही पिढ्यांपासून आहे आणि त्याचा मेंदू, त्याची भूक, सोबतीची गरज सगळी घाना ते कांगोच्या जंगलातलीच आहे. शिवाय त्या जंगलाची अवस्थाही बघावी. १९७५ नंतरच्या चार दशकांत दहा लाखांहून अधिक रानटी ग्रे आंतरराष्ट्रीय व्यापारात गेले. पकडताना आणि वाहतुकीत मेलेले त्यात धरलेले नाहीत. घानामध्ये १९९२ नंतर त्यांची संख्या ९० ते ९९ टक्के घटल्याचं २०१६ च्या अभ्यासात दिसलं. त्याच वर्षी जोहान्सबर्गच्या परिषदेत साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात टाकून रानटी ग्रेच्या व्यापारावर बंदी आली. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि फेब्रुवारी २०२४ चे नियम आल्यापासून परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे: पक्षी ताब्यात आला की ३० दिवसांत अर्ज, आणि पिल्लं काढायची तर वेगळा परवाना. म्हणून ज्या विक्रेत्याकडे आई-बापांच्या नोंदणीचा कागद नाही, त्याच्याशी भाव करू नये. पायातली अखंड कडी बघावी. ती पिल्लू अगदी लहान असतानाच चढते, मोठ्या पक्ष्याच्या पायात जात नाही. जोड असलेली, नंतर दाबून बसवलेली कडी काहीच सिद्ध करत नाही. आणि अजून स्वतः खाता न येणारं पिल्लू ‘हातावर भरवलं की लळा लागतो’ म्हणून कोणी गळ्यात मारू लागला तर तिथूनच परत फिरावं. सिरिंजमधली पेज जरा जास्त गरम झाली तर पिल्लाची अन्नपिशवी भाजते, श्वासनलिकेत गेली तर ते गुदमरतं.

लखनऊत तिसरं उत्तर परंपरेचं असतं. नवाबांचे पक्षी, नक्खासचा चिडीबाजार, घरोघरी टांगलेला मिठू. पण तो मिठू म्हणजे आपला हिरवा पोपट, आणि त्याला पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं आज गुन्हा आहे. त्याची हौस कायदेशीर मार्गाने भागवायची म्हणून लोक ग्रेकडे वळतात, हे मला कळतं. तरी एका पक्ष्याची कैद थांबली म्हणून दुसऱ्याची योग्य ठरत नाही. हिरव्या पोपटांचे थवे या शहरात आंब्या-कडुनिंबावर रोज उतरतात. गच्चीवर बसून त्यांना बघायला नोंदणी लागत नाही.

खरा कठीण आक्षेप निवृत्त मंडळींचा आहे. अलीगंजमध्ये अशी घरं पुष्कळ: मुलगा बेंगळुरूला, मुलगी पुण्याला, आणि इथे दोघंच. त्यांच्याकडे वेळ आहे, जो नोकरदारांकडे नाही, आणि कोणीतरी ‘अहो’ म्हणून हाक मारावी ही गरजही आहे. या घरात ग्रे सुखी राहू शकतो हे मी मान्य करते. अडचण पुढची आहे. नीट सांभाळलेला ग्रे चाळीस ते साठ वर्षं जगतो. पासष्टाव्या वर्षी आणलेलं पिल्लू मालकाच्या माघारी भर तारुण्यात असतं, तेही एका माणसाशी जन्माची गाठ बांधून. अशा घराने पिल्लू आणूच नये. आधी कोणाकडे तरी असलेला, आता नकोसा झालेला प्रौढ पक्षी रीतसर नोंदणी बदलून घ्यावा. आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर तोही नको. ग्रेच्या अंगातून सतत पांढरी भुकटी झडते. काळ्या टीव्हीच्या पडद्यावर दोन दिवसांत तिचा थर बसतो, आणि तीच भुकटी छातीत जाते.

ज्यांच्याकडे पक्षी आहेच, त्यांनी दार उघडून ‘सोडून’ देण्याचा विचार मनातून काढावा. कांगोचा पक्षी इथल्या घारी-मांजरांत चार दिवस टिकणार नाही. त्याचं आयुष्य घरातच सुधारावं लागेल, आणि त्याची सुरुवात अन्नापासून होते. वाटीभर सूर्यफुलाच्या बिया हा इथला नेहमीचा आहार. त्यात चरबी भरपूर, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व नगण्य. ग्रेचं कॅल्शियम इतर पोपटांपेक्षा लवकर घसरतं आणि मग एखाद्या दिवशी तो दांडीवरून पडतो आणि त्याला झटके येऊ लागतात. त्याला पोपटांसाठीचे तयार पेलेट्स, गाजर, लाल भोपळा, रताळं आणि शेवग्याचा पाला द्यावा. शेवगा, म्हणजे इथलं सहजन, गल्लोगल्ली आहे. हिरवी मिरची खुशाल द्यावी, पक्ष्यांना ती तिखट लागत नाही. चहात बुडवलेलं बिस्किट, खारे दाणे, कांदा, चॉकलेट, अव्होकाडो कधीही नाही. कॅल्शियम अंगी लागायला ऊन हवं, आणि काचेतून आलेलं ऊन या कामाचं नसतं. जानेवारीत इथे धुकं दिवसेंदिवस हटत नाही, तेव्हा पक्ष्यांसाठीचा यूव्ही दिवा लावावा. मे-जूनमध्ये लू सुटायच्या आत, सकाळी लवकर, सावली आणि ऊन दोन्ही असलेल्या जागी पिंजरा ठेवावा. त्या जागेला जाळी हवी, कारण गच्चीवर माकडं येतात.

हवेची काळजी मी अन्नाइतकीच महत्त्वाची मानते. पक्ष्याची फुप्फुसं श्वास आत घेतानाही आणि सोडतानाही प्राणवायू शोषतात, म्हणून विषही तितक्याच झपाट्याने भिनतं. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणारा वायू आपल्याला कळतही नाही, शेजारच्या खोलीतला पोपट काही मिनिटांत मरतो. ज्या घरात ग्रे आहे तिथे लोखंडी तवाच बरा. धूप, डासांची कॉइल, दिवाळीआधीचा रंग, थंडीत बंद खोलीत पेटवलेली शेगडी हे सगळं त्याच्यापासून दूर. कूलरचं गवत कुबट झालं की त्यातली बुरशी त्याच्या छातीत घर करते, म्हणून मोसमाच्या सुरुवातीलाच ते बदलावं. छताचा पंखा चालू असताना पिंजऱ्याचं दार कधीच उघडू नये.

झोप हा विषय फारसा कोणी मनावर घेत नाही. विषुववृत्ताजवळ बारा तास रात्र असते आणि या पक्ष्याला दहा-बारा तास अंधार-शांतता लागतेच. आपल्याकडे टीव्ही अकरापर्यंत चालतो. ज्येष्ठातल्या बड्या मंगळवारी हनुमान मंदिराच्या परिसरात भंडारे आणि भोंगे दिवसभर असतात, दिवाळीला फटाके. यात बदल होणार नाही, तेव्हा मागच्या बाजूची खोली त्याच्यासाठी ठेवावी आणि त्या दिवसांत आधीपासून त्याला तिथे हलवावं. घाबरलेला ग्रे उघडी खिडकी सापडली की उडतो आणि परत कसं यायचं हे त्याला कळत नाही. कर्नाटकातल्या तुमकूरला २०२२ साली हरवलेला एक ग्रे परत मिळाला, पण त्यासाठी कुटुंबाला पत्रकं वाटावी लागली आणि शोधून देणाऱ्याला ८५ हजार रुपये द्यावे लागले. इथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी जमघटाच्या पतंगांनी आकाश मांज्याने भरलेलं असतं. त्या दिवशी सुटलेला पक्षी मिळाला तरी धड मिळेल याची खात्री नाही.

आणि त्याला काम द्यावं. युट्रेक्टमधल्या २००८ च्या प्रयोगात पिसं उपटणाऱ्या ग्रेंना अन्न वाटीतून न देता नळीतून एकेक दाणा काढून खायला लावलं, तेव्हा महिन्याभरात त्यांची पिसं सुधारली. घरी यासाठी काही विकत आणावं लागत नाही: अक्रोड कागदात गुंडाळावा, दाणे पुठ्ठ्याच्या डबीत लपवावेत, कणीस सालासकट टांगावं. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करून वहीत लिहावं. पक्षी आजार लपवतो, पण वजन लपवू शकत नाही. दहा टक्क्यांनी उतरलं तर वाट बघू नये. कुत्र्या-गुरांचे डॉक्टर सगळीकडे मिळतात, पक्ष्यांचा अभ्यास असलेला आधीच शोधून ठेवावा. गुंतागुंतीच्या दुखण्यासाठी बरेलीजवळ इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे, पण तो अडीचशे किलोमीटरचा रस्ता झटके येणाऱ्या पक्ष्याला घेऊन काढायची वेळ येऊ देऊ नये.

आपल्यामागे हा पक्षी कोणाकडे जाणार, हे कागदावर आणि माणसांत दोन्हीकडे ठरवावं. नोंदणीतला बदल रीतसर करता येतो. मन बदलायला पक्ष्याला महिने लागतात. म्हणून जो पुढे सांभाळणार आहे, भाची असो की शेजारचा मुलगा, त्याने आतापासूनच नेमाने येऊन पिंजऱ्यापाशी बसावं, स्वतःच्या हाताने अक्रोड द्यावा, त्याचा आहार आणि वजनाची वही समजून घ्यावी. अशी व्यक्ती शोधूनही मिळत नसेल तर पक्षी आणू नये.