‘टाइम’ आणि वेळ

इंग्रजीतील ‘टाइम’ हा शब्द इतका परिचयाचा आहे, की तो कोशात पाहावा असे कोणाला वाटत नाही. मी सेवानिवृत्त झालो, त्या दिवशी निरोपसमारंभात एका विद्यार्थ्याने भाषण केले. आधी इंग्रजीत लिहून मग मराठीत उतरवलेले ते भाषण होते. ‘टाइम’ला त्याने जरा भारदस्त प्रतिशब्द निवडला आणि गंभीरपणे म्हणाला, “आज सरांचा काळ आला आहे!” सभा हसली, मीही हसलो. निरोपाची वेळ आली, एवढेच त्याला म्हणावयाचे होते. परंतु मराठीत काळ येणे म्हणजे मृत्यू येणे, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानात आले नाही.

‘टाइम’ हा शब्द असा अनेकांना फसवतो. ‘व्हॉट टाइम इज इट?’ याचे मराठी ‘किती वाजले?’, तेथे वेळ हा शब्द लागतही नाही. ‘थ्री टाइम्स’ म्हणजे तीन वेळा. पण पाढ्यात ‘थ्री टाइम्स फोर’ आले, की आपण ‘तीन चोक’ म्हणतो. गाण्यात ‘टाइम’ राखणे म्हणजे ताल सांभाळणे. आणि एखादा मनुष्य ‘डूइंग टाइम’ आहे असे वाचले, तर तो तुरुंगात आहे असे समजावे!

आपल्या ‘वेळ’ या शब्दाची खुबी निराळी आहे. तो दोन लिंगांत चालतो. ‘माझा वेळ गेला’ म्हणजे काही तास खर्ची पडले. ‘माझी वेळ गेली’ म्हणजे नेमकी घटका हुकली. कालावधी सांगावयाचा असेल तेथे पुल्लिंग, ठरावीक क्षण किंवा प्रसंग असेल तेथे स्त्रीलिंग. म्हणून ‘थोड्या वेळाने ये’, परंतु ‘ठरल्या वेळेला ये’. घरात मराठी बोलणारे लहान मूलही येथे सहसा चुकत नाही; व्याकरण त्याला कोणी शिकवलेले नसते.

मूळ संस्कृत शब्द ‘वेला’. त्याचा अर्थ समय, तसाच समुद्राचा किनारा आणि भरतीही. कोकणीत किनाऱ्याला आजही दर्यावेळ म्हणतात. गंमत अशी, की भरती-ओहोटीला इंग्रजीत ‘टाइड’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा जुना अर्थही समय असाच होता.

आता ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ ही आपली म्हण इंग्रजीत उतरवून पाहा. दोन्ही ठिकाणी ‘टाइम’ घातलात, तर तो मनुष्य मरणाच्या दारातून परत आला, हे वाचणाऱ्याला कळणारच नाही.