ग्रामीण रुग्ण आणि रक्तदाब : सवय कशी लागते?

बुधवार पेठेतील आमच्या लहानशा खोलीत गावाकडचा पाहुणा आला नाही असा महिना जात नाही. कुणी लग्नाच्या खरेदीला तुळशीबागेत येतो, तर कुणी दवाखान्यासाठी. दोन वर्षांपूर्वी खटाव तालुक्यातून माझी आजी आली ती दवाखान्यासाठीच. तिचा उजवा हात उचलत नव्हता. रक्तदाबाची गोळी तिला सुरू झाली होती. पण चार महिन्यांनी दाब उतरला असे कळताच तिने ती आपणहून सोडली. "दुखत नाय, खुपत नाय, मग औषध कशापायी?" असे तिचे म्हणणे. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. तरी तिच्या या प्रश्नाला तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

रक्तदाब सातत्याने १४०/९० किंवा त्याहून अधिक राहिला, तर त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. बहुधा तो कोणतीच चाहूल देत नाही; आतल्या आत मात्र मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांना इजा करीत राहतो. गोळी दाब आवरून धरते, रोग मुळातून काढीत नाही. आजीचा दाब उतरला होता तो गोळीमुळेच! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील पंधरा वर्षांवरील शंभर स्त्रियांमागे २१ आणि शंभर पुरुषांमागे २४ जणांना हा विकार आढळला. तेव्हा हे दुखणे केवळ शहरी सुखवस्तूंचे, हा समज सोडलेला बरा.

मग रुग्ण पथ्य का पाळीत नाहीत? त्यांना अडाणी ठरवून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. गोळ्यांसाठी तालुक्याला जायचे म्हणजे एसटीचे भाडे खर्च होते आणि दिवसाची मजुरी बुडते. म्हणून पहिली गरज औषध जवळ मिळण्याची. २०१७ साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्या राज्यातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे आरंभीच घेतले गेले. ठरलेली साधी उपचारपद्धती, तीस दिवसांच्या गोळ्या एकदम, गावाजवळच्या उपकेंद्रात तपासणी आणि न आलेल्या रुग्णाची चौकशी, ही त्याची सूत्रे. त्यांत उपदेश थोडा, सोय अधिक आहे.

दुसरी गरज आपल्या माणसाची. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यांतल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. डॉक्टरांपुढे मान डोलावणारी बाई शेजारणीपुढे मन मोकळे करते, हे त्यांनी ओळखले होते. आज हेच काम गावोगावच्या आशाताई करतात.

तिसरी गोष्ट चुलीपाशी आहे. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. पण खेड्यात कालवण सर्वांचे एकाच पातेल्यात शिजते. एकट्या आजीला अळणी वाढले, तर तिला ती शिक्षाच वाटणार! त्यापेक्षा सगळ्या घराने चिमूटभर मीठ कमी करावे आणि लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या रोज ताटात नसाव्यात. मिसरीचाही विचार व्हावा, तीही तंबाखूच. गोळीची वेळ एखाद्या जुन्या सवयीला बांधावी. आजी आता तुळशीला पाणी घातले की गोळी घेते. एक दिवसही चुकलेली नाही. मात्र घास अजून डाव्या हाताने घेते.

तात्पर्य, सवय एकट्या रुग्णाला लागत नाही. ती घराला आणि गावाला लागावी लागते. आपल्यापैकी पुष्कळजण सुट्टीत गावी जातात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरालाही जातात. तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना "गोळी चालू आहे ना?" एवढे विचारावे. मी ते वेळेवर विचारले नव्हते.

— द्वितीय वर्ष, कला